तीन राजे आणि जावयाची आंघोळ

“सुकेशनी, तुझ्या मालकाला म्हणावं, येताना टॉवेल दोन आणा! एक अंग पुसायला, अन् एक पोहून दमले तर डोक्याखाली घ्यायला!”

त्रिंबकनं फोन ठेवला आणि मिशीवरून हात फिरवला. त्याची बायको आवडाबाई तळ गाठलेल्या टिपाडात डोकं घालून तांब्यानं पाणी खरवडत होती. तिचं कंबरेखालचंच अंग बाहेर दिसत असल्यामुळं चेहरा कसा झाला ते कळायला मार्ग नव्हता. आवाज मात्र टिपाडातून घुमून आला.

“कुठं पोहणार हायत जावई? ह्याच्यात?”

“तू फक्त पुरणाचं बघ. पाण्याची तजवीज माझ्याकडं लागली!”

त्रिंबकची कुठलीही तजवीज अशीच सुरू व्हायची. चितेगावच्या एका कंपनीत तो सुपरवायझर होता, आणि पंचवीस माणसांना दिवसभर हुकूम सोडून सोडून, आपण बोललो की ती गोष्ट झालीच, असा त्याचा पक्का समज झालेला होता. घरी हुकूम सोडायला दोनच माणसं होती. त्यातलं एक टिपाडात होतं.

ते साल धोंड्याच्या महिन्याचं. म्हणजे अधिक मासाचं. तीन वर्षांनी एकदा जावयाला घरी बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण देऊन वाटेला लावायचं. तीन वर्षांत एकदाच असल्यामुळं सासऱ्यांना हे परवडतं. पण तेच साल दुष्काळाचंही होतं. महिना अधिक आला होता, पाऊस उणा. औरंगाबाद शहर मात्र पाण्याची वाट न बघता पैठण रस्त्यानं ऐसपैस पसरत चाललं होतं. कालची तूर आज प्लॉट व्हायची आणि परवा तिथं ‘वॉटर व्ह्यू रेसिडेन्सी’ची पाटी लागायची. त्रिंबकची मल्हार कॉलनी त्यातलीच. शहराला पाणी नेणारा, माणूस ताठ उभा राहील एवढा जाड नळ कॉलनीच्या समोरून जात होता. रात्री कान लावला तर आतून पाण्याचा आवाजही ऐकू यायचा. कॉलनीला त्या पाण्याचा एवढाच उपयोग होता.

पिण्यापासून धुण्यापर्यंत सगळं टँकरवर. आठवड्यातून एकदा, गुरुवारी. कॉलनीत सहा घरं, घराला चार टिपाडं.

आता खरी गोम अशी, की मागच्या दिवाळीत भारत, म्हणजे वैजापूरचे जावईबापू, पहिल्या आंघोळीला न्हाणीत बसले होते. साडेसहा फूट उंच, कांद्याचे व्यापारी, अंगानं मार्केट यार्डातल्या वजनकाट्याला शोभतील असे. त्यांनी डोक्याला, तोंडाला, पाठीला चांगला दाट साबण लावला आणि बादलीत तांब्या घातला. तांब्या ठण्‌ऽऽ करून वाजला! पुढचा पाऊण तास जावईबापू फेसाचा पुतळा होऊन पाटावर बसले होते. शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून आवडाबाईनं दोन जग आणले, तोवर फेस वाळून त्याची खपली धरली होती.

“सासुरवाडीत फेस फुकट मिळतो, पाणी आपलं आपण न्यावं लागतं,” असं व्याही साहेबरावांनी तीन लग्नांत आणि एका दहाव्याला सांगितलं. पोरगी फोनवर रडली. “आबा, ह्या टायमाला तरी माझी इज्जत ठेवा!”

म्हणून टॉवेल दोन.

“चारच टिपाडं येणार,” आवडाबाई टिपाडातून बाहेर येत म्हणाली. “जावई, पोरगी, त्यांची दोन लेकरं. जावयालाच दोन टिपाडं लागतीन. मग?”

“मग काय! उद्या बुधवार हाय!” त्रिंबक म्हणाला.

बुधवार म्हणजे तीन पत्तीचा दिवस. आधी कॉलनीतले लोक लिंबाखाली काड्यापेटीतल्या काड्या लावून खेळायचे. एकदा कुणीतरी चेष्टेनं टिपाडाचं झाकण मध्ये ठेवलं आणि खेळाला खरं तेज चढलं! प्रत्येकाच्या झाकणावर ऑइल पेंटनं नाव. झाकण लावलं म्हणजे टिपाडभर पाणी लावलं. ज्याच्याकडं जेवढी झाकणं, तेवढी टिपाडं गुरुवारी टँकरवाला त्याच्या दारात भरणार. बायकांनी एकच कायदा केला होता: चौथं झाकण घरीच ठेवायचं. पिण्याचं पाणी पत्त्यात लावायचं नाही.

त्रिंबकला खेळाची भीती नव्हतीच. शेजारच्या कडुबाला चांगली पानं आली की त्याचे कान लाल व्हायचे. बाकीचे तिघेही तोंडावरून वर्तमानपत्रासारखे वाचता यायचे. अडचण एकच होती. समोरच्या घरातला पुंडलिक बँकेच्या ट्रेनिंगला पुण्याला गेला होता आणि त्याच्या जागी त्याची आई बसणार होती. बानाबाई. फर्दापूरकडून येऊन आठच दिवस झालेले. पंच्याहत्तरीची म्हातारी. तोंडावर इतक्या सुरकुत्या, की त्यातली हसायची कुठली आणि रागाची कुठली, ते ओळखता येत नव्हतं.

“म्हातारीची पानं कळली पायजेत,” त्रिंबक मेहुण्याला म्हणाला.

मेहुणा अजिनाथ. वय सेहेचाळीस. नोकरी शोधायला बहिणीकडं आला त्याला चार वर्षं झाली होती, आणि आता नोकरीनंच त्याला शोधावं अशी त्याची अपेक्षा होती. दिवसभर लिंबाखाली बसून तो चातीवर लोकर कातायचा आणि बांधलेल्या एका शेळीला हाळ्या द्यायचा. दाजी-मेहुणे दोघंही मेंढरं वळणाऱ्या घरातले. लहानपणी त्यांनी डोंगरउतारावर मेंढरांशी जेवढं बोलणं केलं होतं, तेवढं पुढं बायकांशीही झालं नाही.

त्यातनंच त्रिंबकला हिकमत सुचली.

“तू म्हातारीच्या बरोब्बर मागं बसायचं. लोकर कातत. तिची पानं हलकी असली की म्हणायचं, हुर्रर्र, हुर्रर्र. कळप पुढं हाकतो तसं. भारी असली की, थिर्र्‌र, थिर्र्‌र. आवरतो तसं.”

“अन् मधली असली तर?”

“तर खोक.”

“लोकायला कळंल की, दाजी.”

“कुणाला कळंल? कडुबाच्या सात पिढ्या शेतीत गेल्या. अन् ती पुंडलिकाची माय! ज्याचा पोरगा टाय लावून, काळा गॉगल घालून ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो, ती काय मेंढरामागं फिरली असंल? लोकायला वाटंल, अजिनाथ शेळीशी बोलतोय. चार वर्षं तेच तर चाललंय! अन् एक ध्यानात ठेव. तू माझ्याकडं बघायचं नाय. मीबी तुझ्याकडं बघणार नाय. मान्सं धरल्या जातात ती डोळ्यांमुळं!”

अशी डोळे वगळून केलेली योजना घेऊन त्रिंबक बुधवारी दुपारी लिंबाखाली आला. तीन झाकणं काखेत. चौथं त्यानं आवडाबाईची नजर चुकवून आणलं होतं आणि त्याच्यावर तो बसला होता.

पोत्यावर सहा जण गोल बसले. बानाबाईनं पानं उलटी धरली, मग सुलटी केली, आणि विचारलं,

“हा मिशावाला कोन हाय गं बाई?”

“राजा हाय, मावशी,” कडुबा म्हणाला.

“अन् ह्यो बिनमिशाचा?”

“गुलाम.”

“गुलामाला मिशी कामून न्हाई?”

कडुबा हसता हसता पोत्यावर आडवा झाला. त्रिंबकला मात्र म्हातारीची दया आली. मनात त्यानं ठरवून टाकलं, की जिंकल्यावर हिला एक टिपाड परत करायचं. मोठ्या मनानं. चारचौघांत.

पहिले दोन डाव अजिनाथनं चोख कामगिरी बजावली. तिसऱ्या डावाला “हुर्रर्र” आलं, त्रिंबकनं चाल वाढवली, म्हातारीनं पानं टाकली. चौथ्याला “थिर्र्‌र” आलं, त्रिंबकनं गुपचूप पॅक केलं आणि म्हातारीनं राणीची जोडी दाखवली. पाचव्याला पुन्हा “हुर्रर्र”, पुन्हा एक झाकण! हाळी अशी स्वच्छ, अशी घोटीव, की त्रिंबकला मेहुण्याचा पहिल्यांदाच अभिमान वाटला. चार वर्षं फुकट खाल्लेल्या भाकरीचं आज चीज होतंय, असं त्याला वाटलं. त्यानं एकदाही मान वर केली नाही. ठरलं म्हणजे ठरलं!

ऊन कलायला लागलं तेव्हा त्रिंबकसमोर सात झाकणं होती. म्हातारीसमोरही, कडुबाच्या आणि बाकीच्यांच्या कृपेनं, सातच.

“शेवटचा डाव,” कडुबा म्हणाला आणि पानं वाटली.

त्रिंबकनं पहिलं पान किलकिलं केलं. राजा. दुसरं केलं. राजा. तिसरं त्यानं अंगठ्यानं हळूच सरकवलं. राजा!

मंडळी, तीन पत्तीत तीन राजे एकदम हातात येणं म्हणजे काय, हे खेळणाऱ्याला सांगायला नको आणि न खेळणाऱ्याला सांगून उपयोग नाही. एवढंच समजा, की तीन एक्के सोडले तर ह्या हाताला दुनियेत तोड नाही. त्रिंबकच्या डोळ्यांसमोर जावई भारतराव हत्तीसारखे पाण्यात बसलेले दिसले. सोंडेनं पाणी उडवत होते.

एकेक करून बाकीच्यांनी पानं टाकली. कडुबाचे कान पांढरे पडले होते. म्हातारी मात्र हटेना.

“एक झाकन,” ती म्हणाली.

“दोन!” त्रिंबक म्हणाला.

“दोन मंजे किती टिपाडं रं?”

“दोनच, मावशी.”

“मग मीबी दोन.”

त्रिंबकनं खाली मान घालूनच कान टवकारले. आणि म्हातारीच्या बाजूनं, सावकाश, मायेनं, माळावरच्या संध्याकाळसारखी हाळी आली,

“हुर्रर्रऽऽ, हुर्रर्र...”

हलकी पानं! बस्स! त्रिंबकनं समोरची सगळी झाकणं दोन्ही हातांनी पुढं ढकलली. मग थोडा उठला आणि बुडाखालचं झाकण काढून तेही वर ठेवलं. त्यावर आवडाबाईचं नाव होतं.

“त्रिंबका, चौथं हाय ते!” कडुबा ओरडला. “पिण्याचं!”

“कडुबा, जिकलेला मानूस तहानेनं मरत नसतो!”

“म्या आता काय करू?” म्हातारीनं विचारलं.

“तुमी पानं टाका, मावशी. नुकसान कामून करून घेता?”

“न्हाई रं. इतक्या दुपारचं बसलेय. बघूनच जाते,” असं म्हणून तिनंही सगळी झाकणं सरकवली. “दाव.”

त्रिंबकनं एकेक राजा असा आपटला, की पोत्यातनं धूळ उडाली. एक! दोन! तीन! सगळ्यांच्या तोंडून “आयला!” निघालं. त्यानं हात पुढं केले आणि झाकणांचा ढीग कवेत घेतला.

“थांब की,” बानाबाई म्हणाली. “माझं बघायचं ऱ्हायलं.”

तिनं पानं ठेवली. आपटली नाहीत. भाकरी ताटात वाढावी तशी ठेवली. चौकटचा एक्का. बदामचा एक्का. किल्वरचा एक्का.

कडुबानं वाकून तिन्ही पानं पुन्हा मोजली.

त्रिंबक ताडकन उठला. नियम, शपथ, सगळं विसरून त्यानं पहिल्यांदा अजिनाथकडं बघितलं. अजिनाथ झाडाला टेकून, तोंडाचा ‘आ’ करून, चाती पोटावर ठेवून घोरत होता! शेळीनं त्याची अर्धी लोकर खाल्ली होती.

“आरं ऊठ! हुर्रर्र कुनी म्हटलं?”

“दाजी, मी तर तिसऱ्या डावापासून...” अजिनाथ डोळे चोळत म्हणाला, “ऊन लई व्हतं.”

“मंग हाळी कोन देत होतं?”

बानाबाई पदरात झाकणं भरत होती. ती मावेनात म्हणून तिनं एक डोक्यावर ठेवलं.

“मी,” ती म्हणाली. “त्यो झोपला. म्हटलं तुझी अडचन नको व्हायला. बाकीच्यायला वाटलं, म्हातारी शेळीला हाकतीय.”

“तुमी? तुमाला हाळी येती?”

“आरं, चाळीस वर्सं मेंढरं वळली म्या. अजिंठ्याच्या डोंगरात. मंग पुंडलिकाच्या शिक्षनासाठी फर्दापुरात चहाची टपरी टाकली. तिथं गाडीवाले डायवर लोक, पर्यटक लेणी बघून येस्तोवर दिसभर हेच पत्ते कुटायचे. एक मानूस कमी पडला की मला बसवायचे.” ती निघाली, मग वळली. “तुझा हात चांगला व्हता. पर मेंढरू कळपातून पुढं निघालं की जरा मागं बघावं, त्रिंबका. राखनदार जागा हाय का झोपलाय.”

घरी आवडाबाईनं एकच विचारलं,

“माझं झाकन कुठाय?”

“आवडे, तीन राजे होते माझ्याकडं! तीन!”

“त्यायला म्हणावं, शुक्रवारी न्हाणीत येऊन बसा. जावयाला पाणी घाला.”

गुरुवारी टँकर आला. ड्रायव्हर नळी घेऊन उतरला. “क्या मामू, तुम्हारा एक भी ढक्कन नहीं?” तो त्रिंबकला म्हणाला आणि नळी समोरच्या दारात नेली. पण बानाबाईकडं टिपाडं कमी पडली. मग तिनंच निरोप धाडला, की त्रिंबका, तुझी चारही रिकामीच असतीन, तर तेवढी दे. अजिनाथनं ती गडगडत नेली. आपली टिपाडं समोरच्या अंगणात काठोकाठ भरताना त्रिंबकनं ओट्यावर बसून पाहिली. वर आपलंच नाव! दिसायला तर सगळं योजनेप्रमाणंच झालं होतं.

संध्याकाळी तो समोर गेला. छाती तेवढीच पुढं होती, फक्त हातात बादली होती.

“मावशी, राजे तीन होते.”

“व्हय. बघितले.”

“लाखात एखांद्याला येतात.”

“व्हय की. बस. बादली कशाला आनली?”

मग त्रिंबकनं सांगितलं. दिवाळी, साबण, फेस, व्याही, पोरीचं रडणं. म्हातारी ऐकून घेत राहिली. शेवटी तिनं कपाळाला हात लावला.

“आरं, जावयाची आंघोळ हाय व्हय! मंग आधीच सांगायचंस! नुसतं मागितलं असतंस तर दोन टिपाडं म्या तशीच दिली असती. हाळ्या कामून देत बसला?”

त्रिंबकनं बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“पर आता जिकलेलं पानी हाय,” ती पुढं म्हणाली. “बाहेर जाऊ द्यायची न्हाई. जावई हितं येईल. ह्या दगडावर बसंल. म्या न्हाऊ घालीन. खाली माझी शेवग्याची रोपं हायत, त्यायलाबी पानी भेटंल. अन् तुमाला प्यायला एक घागर घेऊन जा.”

शुक्रवारी जावईबापू आले. हातात खरंच दोन टॉवेल.

“मामा, न्हाणी कुठंय?”

“न्हाणी?” त्रिंबक एका दमात म्हणाला. “भारतराव, धोंड्याच्या महिन्यात न्हाणीत आंघोळ करतात व्हय! आमच्याकडं वडीलधाऱ्या बाईच्या हातनं उघड्यावर आंघोळ घालायची रीत हाय. बाप-आजापासून!”

बाप-आजापासूनची ही रीत त्या वेळी दीड मिनिटाची होती.

बानाबाईनं लुगडं खोचलं, जावयाला दगडावर बसवलं आणि कातरणीच्या आधी एडका धुवावा तसा धुतला. मान खाली दाबून. कानामागं बोटं घालून. एक हात वर, मग दुसरा वर. पाठीला नारळाच्या शेंडीनं असं घासलं, की जावईबापू आधी किंचाळले, मग कण्हले, मग डोळे मिटून एकदम शांत झाले. मधेच तिनं त्यांना पोटरीवर चापट मारून उभं केलं आणि वळवून पुन्हा बसवलं. पाठोपाठ बादल्यांवर बादल्या! साडेसहा फुटांचा कांद्याचा व्यापारी लहान लेकरासारखा खिदळत होता. कॉलनीतली सहाही घरं ओट्यावर उभी राहून बघत होती. शेवग्याची रोपं पाण्यात बुडाली.

“मामा!” जावईबापू टॉवेल गुंडाळत म्हणाले. त्यांचा रंग दोन छटांनी उजळला होता. “जल्मात अशी आंघोळ झाली न्हाई! वैजापूरला सांगतोच आता!”

सुकेशनीनं डोळ्यांना पदर लावला. त्रिंबकनं मिशीवरून हात फिरवला आणि आवडाबाईकडं असं पाहिलं, जणू एक्के त्यानंच वाटले होते.

“बघितलंस? तजवीज!”

जावयाचे पाय धुतले, धोंडे झाले, तेहतीस अनारसे झाले. जावईबापू शनिवारी परत गेले आणि त्यांनी शब्द पाळला. वैजापूरला सांगितलं. सगळ्या वैजापूरला.

रविवारी दुपारी व्याही साहेबरावांचा फोन आला. आवाजात लोणी.

“त्रिंबकराव, आमी तुमाला लई बोललो दिवाळीत. चुकलंच आमचं. भारत म्हनतो, तुमच्याकडं पान्याचा नुसता पाट चाललाय!”

“आता तुमच्या आशीर्वादानं...” त्रिंबक फुलून म्हणाला.

“न्हाई, काय झालंय, आमच्याकडं सतरा दिवस झाले, नळालाच पानी न्हाई. अंगाला खाज सुटली. तर उद्या आमी समदे येतो. नऊजन. ती रीतीची आंघोळ हाय ना, दगडावरची, आमची म्हातारीबी म्हनते, मला घाला. मंग, येऊ ना?”

“या की!” त्रिंबक म्हणाला. सवयच तशी होती.

फोन ठेवून तो वळला, तर आवडाबाई दारात उभी. तिनं रिकामी बादली त्याच्या हातात दिली आणि समोरच्या घराकडं बोट केलं.

बानाबाई ओट्यावर शेंगा निवडत होती.

“मावशी,” त्रिंबक छाती काढून म्हणाला, “पत्ते काढा. एक डाव. आत्ताच्या आत्ता.”

“काय लावतोस? टिपाडं तर समदी माझ्याकडं हायत.”

त्रिंबकनं घसा खाकरला.

“व्याही लावतो. नऊ हायत.”

म्हातारीच्या सगळ्या सुरकुत्या एकदम हलल्या. आता कळलं, की त्या सगळ्या हसायच्याच होत्या.

“बरं. हरलास तर?”

“तर ते तुमच्याकडं आंघोळीला.”

“अन् जिकलास तर?”

त्रिंबकनं डोकं खाजवलं. मागं आपल्या दारात ठेवलेल्या घागरीकडं एकदा बघितलं. मग समोरच्या भरल्या टिपाडांकडं बघितलं.

“तर बी तुमच्याकडंच,” तो म्हणाला.